दुसऱ्यांदा वाढलेलं ताट

ऋचाच्या नाकावर माशी बसत नसे. बसलीच असती, तर किती वाजता बसली आणि किती वेळ बसली याची तिने नोंद करून ठेवली असती. सगळा जन्म नारायण पेठेत गेलेला, बोलणं मोजकं, त्यातलं निम्मं टोचणारं, आणि कागदावर मात्र अपार विश्वास. अशी बाई इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून नऊ वर्षं टिकली यात काही नवल नाही. इस्पितळं अशाच माणसांवर चालतात.

तिचं काम सांगायला सोपं. रोगी दाखल झाला की चोवीस तासांच्या आत त्याच्या खाटेशी जायचं आणि चार प्रश्न विचारायचे. वजन किती? सहा महिन्यांत घटलंय का? भूक कमी झालीय का? गेल्या आठवड्यात जेवण कमी गेलंय का? उत्तरांना गुण. दोन किंवा जास्त गुण झाले की रोगी तिच्या यादीत आला. मग त्याचं सगळं नीट तपासायचं, काय खातो, काय पचतं, काय वाढवायचं ते ठरवायचं आणि रोज जाऊन बघायचं. शून्य आलं की माणूस सुटला. साधं जेवण, आणि आठवड्याने पुन्हा तेच चार प्रश्न. कितीतरी माणसं अर्धपोटीच इस्पितळात येतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही, हे ती नव्या मुलींना ठणकावून सांगायची. हो, तीच सांगायची. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ जड होते.

गेनबा दाखल झाले तो आठवडा वाईट होता. इस्पितळाच्या मान्यतेची तपासणी तोंडावर आलेली, जोडीची आहारतज्ज्ञ बाळंतपणाच्या रजेवर, आणि त्या एका दिवसात एकतीस फॉर्म. तपासणीवाले रोग्याला काय विचारणार? ते फायली उघडणार आणि रकाना रिकामा दिसला की तोंड वाकडं करणार. ऋचाने ठरवलं होतं की आपल्या खात्याचा एकही रकाना रिकामा राहणार नाही. आणि तिने ठरवलं की ते व्हायचंच.

गेनबा लोणी काळभोरच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. वय एकाहत्तर. गोठ्यात चक्कर येऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मूलबाळ नाही. सोबत बायको, द्वारकाबाई. खराडीच्या एका कंपनीत कामाला असलेला पुतण्या तेजस, तो रविवारचा येऊन जायचा. गेनबा खाटेवर उताणे पडलेले, पायाला वजन बांधलेलं, अंगात इस्पितळाच्या कपड्यांवर चढवलेला फुल बाह्यांचा स्वेटर आणि वर घोंगडी. एसीची थंडी सोसत नव्हती त्यांना. चेहरा मात्र काय विचारता! रुंद जबडा, झुपकेदार मिशा, आणि आवाज असा भरदार की पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा व्हावा.

"बाबा, वजन किती तुमचं?" ऋचाने उभ्याउभ्या विचारलं.

"बासष्ट."

"कधी केलं होतं?"

"केलं हुतं की. मार्केट यार्डात, काट्यावर. कांद्याच्या गोणीशेजारी हुबा ऱ्हायलो. हमाल म्हनला, पैलवान, बासष्ट."

ऋचाला हसू आलं. त्याला किती वर्षं झाली, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ज्याला उभं राहता येत नाही त्याचा दंड फितीने मोजायचा, असा नियम होता. फीत तिच्या ॲप्रनच्या खिशातच होती. पण त्यासाठी घोंगडी काढा, स्वेटर काढा, एका हाताला सलाइन, म्हणजे सिस्टरला हाक मारा. अजून बावीस फॉर्म बाकी. ‘नंतर मोजू’ असं ती मनाशी म्हणाली आणि रकान्यात बासष्ट लिहून मोकळी झाली.

"सहा महिन्यांत कमी झालंय का?"

"छ्या!"

"भूक कशी आहे?"

हे गेनबांना विचारलं होतं. उत्तर खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या द्वारकाबाईंनी दिलं, तेही पदर सावरून, मान ताठ करून. "दोन भाकरी खात्यात. वर वाटीभर कालवन. आमच्या घरात मानूस अर्ध्या पोटी उटत न्हाय, ताई."

आता यातली गोम नऊ वर्षं हे काम केलेल्या ऋचाला ठाऊक होती. नवरा नीट जेवत नाही असं कुठली बाई चारचौघांत कबूल करील? तो प्रश्न तिला नवऱ्याच्या भुकेचा वाटतच नाही, स्वतःच्या हाताचा वाटतो. म्हणून बाईला बाजूला घ्यावं, स्वयंपाकाच्या गोष्टी कराव्यात, उरलेल्या भाकरीचं काय करता ते हळूच विचारावं. ऋचाने मुलींना हे शिकवलं होतं. त्या दिवशी तिने स्वतः चारही प्रश्नांपुढे शून्य गुण भरले, खाली सही ठोकली आणि पुढच्या खाटेकडे वळली. गेनबांच्या नावापुढे लागलं: धोका नाही, साधं जेवण.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. झाली तीही चांगली. डॉक्टर आमोदने रॉड बसवला, टाके घातले. तिसऱ्या दिवसापासून गेनबांना उशीला टेकवून बसवायला लागले आणि दोन वेळचं ताट सुरू झालं.

ताटं आणायचा आणि न्यायचा सुखदेव. वाशिमकडचा माणूस, चाळिशीचा, इमानदार. रिकामी ताटं गोळा करताना प्रत्येक खाटेपुढे लिहायचं: पूर्ण, अर्धं, पाव. ही पद्धत ऋचानेच बसवली होती आणि तिचा तिला भारी अभिमान. गेनबांच्या खाटेपुढे सुखदेव रोज लिहायचा: पूर्ण. सकाळचं पूर्ण, संध्याकाळचं पूर्ण. ताट असं लख्ख यायचं की घासायची गरज नाही. "त्या बाबाचं ताट पाहा, मॅडम," सुखदेव एकदा म्हणाला होता, "बोटानं पुसून खाते तो. बाकीचे लोक तं कोबीची भाजी पाहूनच तोंड फिरवते." ऋचाला बरं वाटलं. नऊ वर्षांत कोबीच्या भाजीला न्याय देणारा पहिला माणूस भेटला होता.

आठ दिवस झाले तेव्हा फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली. ऋचा वॉर्डात गेली नाही. खाली टेबलाशी बसून तिने सुखदेवचे कागद पाहिले. सगळी जेवणं पूर्ण. वजन? बासष्टच असणार, आठवड्यात माणूस काय झडतो थोडाच? तिने जुने आकडे पुन्हा उतरवले. शून्य. सही. हे सांगायला मला लाज वाटते, तिला लिहायला वाटली नाही.

दहाव्या दिवशी आमोद तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "त्या गेनबाची, अठरा नंबरची जखम भरत नाहीये. कडा पांढऱ्या पडल्यात, पाणी सुटतंय. पाय सुजलेत. रक्तात प्रोटीन एकदम कमी आलंय. खातो काय तो?"

"सगळं," ऋचा म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे आपण देतो ते सगळं. चौदा ताटं, चौदाच्या चौदा पूर्ण. कागद देऊ? वाचता येईल, मराठीत आहे."

आमोदच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तू बघितलंस का त्याला?"

"तुम्ही टाके घातलेत, तुम्ही बघितलंत ना? माझ्याकडून जेवण चोख जातंय. जखम तुमच्या खात्यात येते."

बोलण्यात ती जिंकली. नेहमी जिंकायचीच. आमोद गेला, औषध बदलून बघतो म्हणाला. बाराव्या दिवशी टाके उसवले आणि जखम उघडी पडली तेव्हा तो आला नाही, त्याने फक्त फोन केला. "ऋचा, एकदा वर ये. हात जोडतो." त्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून ती घाबरली.

वर गेली तर गेनबा तसेच, उशीला टेकून. मिशा तशाच. आवाज मात्र आत गेला होता. द्वारकाबाई पाण्याची बाटली भरायला गेल्या होत्या. ऋचाने सिस्टरला बोलावलं, दोघींनी मिळून स्वेटर आणि आतला सदरा उतरवला. स्वेटर निघाला आणि सिस्टर "अगं बाई!" म्हणाली. आत माणूस नव्हताच. खांद्याची हाडं, बरगड्या, आणि त्यावर सुटलेली कातडी. नुसत्या मिशा आणि आवाज यांवर एवढे दिवस सगळ्यांनी भागवलं होतं. "म्हातारा आहे, हाडकुळा असायचाच," असं शस्त्रक्रियेच्या वेळी सगळेच म्हणाले होते.

ऋचाने दंडाला फीत गुंडाळली. सतरा सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. सतरा. तिच्या चौथीतल्या मुलीचा दंड याहून भरलेला होता. बासष्ट किलो कसले, चाळीससुद्धा भरले नसते.

 सतरा-अठरा ताटं पूर्ण, आणि माणूस असा? मग ते अन्न गेलं कुठे? पोटात काही मोठा आजार आहे का? की सुखदेव खोटं लिहितो? पहिला संशय सुखदेववरच आला, आणि त्याबद्दल ती पुढे स्वतःला कधी माफ करू शकली नाही. स्वेटर पुन्हा चढवला आणि तिने ठरवलं, आजचं दुपारचं जेवण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. चार खाटा पलीकडे सिस्टरच्या टेबलाशी ती फायलीत तोंड घालून बसली.

साडेबाराला सुखदेव आला, ताट ठेवून गेला. वरण-भात, दोन पोळ्या, दुधीची भाजी, दही. द्वारकाबाईंनी ताट गेनबांच्या मांडीवर सरकवलं. गेनबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "द्वारके, बाटलीतलं पानी कोमट झालं. गार आन जा." द्वारकाबाई उठल्या. पाण्याचा कूलर त्याच मजल्यावर, पण पार टोकाला, आणि जेवणाच्या वेळेला तिथे ही रांग. त्या दाराबाहेर गेल्या तसा गेनबांनी हात थांबवला. भात वरणात कालवला, एकसारखा केला, एक पोळी उचलून दुसरीवर नीट ठेवली. आणि बसून राहिले दाराकडे बघत.

दहा मिनिटांनी द्वारकाबाई आल्या.

"झालं का जेवन?"

"मगाच झालं. त्यो येऊन पुन्यांदा वाढून गेला बग. म्या म्हनलं नगं, तर ऐकंना. घे, बस आता तू."

"लई द्येत्यात बाई हितं," द्वारकाबाई कौतुकाने म्हणाल्या. ताट घेऊन त्या खाली फरशीवर बसल्या, नवऱ्याकडे थोडी पाठ करून, आणि जेवल्या. सावकाश, समाधानाने. शेवटी बोटाने ताट पुसून घेतलं.

ऋचाला समजायला एवढा वेळ लागला की ती फाइल हातात धरून तशीच बसून राहिली. पन्नास वर्षं ती बाई नवऱ्याच्या मागून, त्याच्याच ताटात जेवत आली होती. घरी मागे टोपलं होतं, पातेलं होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. इथे मागे काहीच नव्हतं. एक खाट, एक ताट. ज्या इस्पितळात रोग्याचं जेवण चमच्याने मोजतात तिथे त्याच्या खाटेखाली झोपणारी बाई काय खाते, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

द्वारकाबाई ताट ठेवून हात धुवायला गेल्या, तेव्हा ऋचा जाऊन गेनबांच्या जवळ बसली. उभी नाही राहिली, बसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"बाबा, मी सगळं पाहिलं."

गेनबांनी घोंगडी छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "तुमी सुखदेवला बोलू नगा. त्याचा काय दोस न्हाय."

"असं का केलंत?"

"ती जेवाय न्हाय जात. कँटीन वर, साव्या मजल्यावर. येकदा गेली आन् लिफ्टमदी चुकली. तासभर फिरत हुती. आली तवर मला हाडाचा फोटू काढाय न्हेलेलं. खाट मोकळी बगून तिनं असा हंबरडा फोडला म्हनं! तवापास्नं मजला सोडत न्हाय. मग खानार काय?"

"मला सांगायचं ना! एक ताट जास्त दिलं असतं मी."

"तसं तिनं घेतलंच नसतं की. म्हनली असती, आदी तुमी पोटभर खावा. आन् मला तर कवाचं जात न्हाय, ताई. सा म्हैने झालं. दोन घासात पोट भरल्यावानी व्हतं. घरी म्या भाकर खिशात घालून गोठ्यात जायाचो, म्हशीला चारायचो. तिला सांगितलं असतं तर म्हनली असती, माज्या हातचं ग्वाड लागंना व्हय आता?" बोलताना त्यांना धाप लागली. "हितं बरं जमलं. मला जात न्हाय, तिला लागतंय. मग खाईना का तिनं."

सहा महिने. घट झाली होती, भूक मेली होती, चक्कर येऊन माणूस पडला होता. चारही प्रश्नांची उत्तरं तिथे खाटेवर पडून होती, फक्त कुणी तरी पाच मिनिटं बसायला हवं होतं. 

"येक करा," गेनबांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "तिला हे कळू देऊ नगा. घास उतरायचा न्हाय तिच्या गळ्याखाली."

"नाही कळू देणार," ऋचा म्हणाली. आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.

मग ती कामाला लागली. काम तिला येत होतं, त्यात खोट नव्हती. इतके महिने उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरवायचं नसतं, शरीर ते पेलत नाही. म्हणून नाकातून नळी, पहिल्या दिवशी थोडंच, तासातासाने, रक्त तपासत. आमोदशी ती पाऊण तास बोलली आणि त्यात एकही टोमणा नव्हता. नव्याने फॉर्म भरला, गुण सगळ्यात वरचे. आणि आहाराच्या तक्त्यावर अठरा नंबरपुढे लिहिलं: सोबतच्या नातेवाइकासाठी एक ताट, दोन्ही वेळा. वरिष्ठांची सही आणली. एवढं सगळं केलं, आणि सुखदेवला दोन शब्द सांगायचे राहून गेले. कागदावर लिहिलं की काम झालं, ही नऊ वर्षांची सवय. तिला तरी कसं सुचावं?

संध्याकाळी सात वाजता ताटं आली तेव्हा ती मुद्दाम सिस्टरच्या टेबलाशी थांबली होती. नळी बसवून झालेली, पहिलं दूध गेलेलं, गेनबांचा डोळा लागलेला. तिचा जीव जरा भांड्यात पडला होता.

सुखदेवने ताट द्वारकाबाईंच्या हातात दिलं. "घ्या, माय. आजपासून तुमचं वेगळं ताट."

"माजं?" द्वारकाबाई लाजल्या. "आन् मग ते पुन्यांदा वाढतासा, त्ये न्हाय का आता?"

"पुन्हा?" सुखदेव हसला. "इथं एक पोळी जास्त पाहिजे असली तं वरून सही लागते ना, माय. दुसऱ्यांदा कोन वाढते?"

ऋचा उठली होती. पण चार खाटांचं अंतर होतं.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. ताट हातात तसंच. त्यांनी सुखदेवकडे पाहिलं, मग खाटेवरच्या नळीकडे, मग नळी घालताना स्वेटर काढल्यामुळे उघड्या पडलेल्या त्या दंडाकडे. हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. गेनबा जागे झाले होते. द्वारकाबाईंनी विचारलं, "किती दिस?"

गेनबांनी डोळे मिटून घेतले.

"अवो, म्या काय इचारते? किती दिस?"

"पैल्यापास्नं," गेनबा म्हणाले.

द्वारकाबाईंनी ताट खाली ठेवलं. आवाज न करता, हळूच. आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, पुसतच राहिल्या, ओठ लाल होईस्तोवर. ऋचाने जाऊन त्यांचा हात धरला तेव्हा त्या थांबल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "तुमी मला म्हनला का न्हाय, बाई, तू नगं खाऊ?"

ऋचाने खाली ठेवलेलं ताट उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरलं.

त्यानंतर त्यांनी अन्नाला हात लावला नाही. ताट यायचं, तसंच परत जायचं. सुखदेव रडकुंडीला आला. "मी बोललोच कशाला, मॅडम? कोणी सांगाचं तरी ना मले!"  तेजसला फोन करून बोलावलं. तो ऑफिसातून गळ्यातल्या ओळखपत्रासकट धावत आला, काकूंची मनधरणी केली, रागावला, शेवटी स्वतःच भिंतीला डोकं टेकवून बसला. द्वारकाबाईंचं एकच. "त्ये जेवू द्येत. मग म्या जेवते."

आणि गेनबांचं उलटं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नाकातली नळी स्वतःच्या हाताने ओढून काढली. "ती खात न्हाय तवर मला नगं." पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऋचा दोघांच्या मधे पेजेची वाटी घेऊन उभी. इकडे बघून म्हणायची, "आजी, तुम्ही दोन घास घ्या, म्हणजे ते घेतील." तिकडे बघून म्हणायची, "बाबा, तुम्ही घ्या, म्हणजे त्या घेतील." दोघंही एकमेकांकडे बघायची आणि कोणीच तोंड उघडायचं नाही. पन्नास वर्षांत त्या दोघांनी भांडण केलं असेल नसेल, पण असं भांडण नक्कीच केलं नव्हतं. ऋचाला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीही, भर वॉर्डात. "अहो, मरायचंय का तुम्हाला?" सगळे बघायला लागले. पेज निवून गेली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. जखमेतला जंतू रक्तात गेला होता. अंगात झुंज द्यायला काही उरलं नव्हतं तर औषध एकटं काय करणार? अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे सोबत कुणाला थांबू देत नाहीत, म्हणून द्वारकाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. गेनबा शुद्धीत होते तेवढा वेळ एकच विचारत होते, असं तिथली सिस्टर सांगत होती. "जेवली का ती?" सिस्टर म्हणायची, "जेवल्या, आजोबा." त्यावर ते मान हलवायचे, नाही नाही अशी. बाईला पन्नास वर्षं ओळखणाऱ्या माणसाला फसवता येतं होय?

चौथ्या दिवशी दुपारी सव्वातीनला ते गेले.

त्याच दिवशी मान्यतेची तपासणी होती. तपासणीवाल्यांनी दोनशे फायली उघडल्या आणि आहार विभागाचा एकही रकाना रिकामा सापडला नाही. मोठ्या साहेबांनी ऋचाला बोलावून सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. शंभर टक्के, असं तपासणीवाले म्हणाले. ऋचा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. टाळ्या थांबल्यावर ती बाहेर आली ती जिन्याने वरच चढत गेली.

द्वारकाबाई त्याच बाकावर होत्या. तेजस सह्या करायला गेला होता. चार दिवसांत त्या एवढ्याशा झाल्या होत्या. ऋचाला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं. खरं ते सांगायचं.

ती त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. "आजी, ऐका माझं. पहिल्या दिवशी मी त्यांचा दंड मोजला असता ना, फक्त दंड, तरी सगळं कळलं असतं. फीत माझ्या खिशात होती. आठव्या दिवशी तर मी वर आलेच नाही, खोटं लिहिलं. डॉक्टर सांगत होते, त्यांचं ऐकलं नाही. चूक माझी आहे. तुमची काही चूक नाही, आजी. सगळी माझी आहे." हे बोलताना ती रडत होती. नऊ वर्षांत इस्पितळात ती पहिल्यांदा रडली.

द्वारकाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. हात हलका होता, वाळलेला.

"तुमची कशी वो, ताई?" त्या म्हणाल्या. "तुमी लिवलं नुसतं. खाल्लं तर म्या."

तेजस कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, चला." त्या भिंतीला धरून उठल्या.